अमृत गाडीवर गेलाय

अवसरी बुद्रुकची आरती आता चाकणच्या एका मोठ्या गोदामात साहेबीण आहे. कंपनीची बस तिला सकाळी मंचरच्या चौकातून उचलते, आणि गावातली माणसं पावण्यारावळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगतात, "ती आमच्या गावची." सांगेनात का! पण ती शिकत होती तेव्हा हीच माणसं काय बोलत होती, ते विसरण्याइतकं गाव भोळं नाही. "नवरा गेल्यापास्नं पोरीच्या डोक्यावर परिनाम झालाय, मंचरला जाऊन त्या टीव्हीपुढं बसती आन् एकलीच हसती," असं बोलत होती.

एकटीच हसायची, हे मात्र खरं. कशाला हसायची, ते सांगायला हवं.

आरती मूळची लोणीची. बी.कॉम. झाली आणि अवसरीच्या भिमाजींच्या अमृतला दिली. सासू लग्नाआधीच वारलेली. सासरा, नवरा आणि टाटाचा एक चारशेसात टेम्पो, एवढाच संसार. अमृत मंचरच्या मार्केटातून फ्लॉवर, मेथी, टोमॅटो भरायचा आणि वाशीला नेऊन टाकायचा. माणूस लई बोलका. गाडीवरून आला की हातपाय धुवायच्या आधी त्याची टकळी सुरू. कोणत्या नाक्यावर कोण भेटलं, कुणाची ताडपत्री उडाली, वाशीच्या हमालानं कुणाला कसं बनवलं. आरती भाकरी थापत ऐकायची आणि मधेच विचारायची, "मग येताना गाडी रिकामीच आणली?"

"बाई, तू माझी बायको हाय का मुकादम?" तो म्हणायचा.

पण पुढच्या खेपेपासून तो येताना तळेगावहून खताच्या गोण्या आणायला लागला. गावात सांगताना मात्र "मला सुचलं बरं का" असं छाती काढून सांगायचा, आणि आरती पदरात तोंड लपवून हसायची.

लग्नाला तीन वर्षं व्हायची होती. चाकणच्या अलीकडं रस्त्यात एक ट्रेलर उभा होता, मागं दिवा नाही की काही नाही. टेम्पो जाऊन त्याच्यावर आदळला. अमृत जागेवरच गेला.

दहावं झालं, तेरावं झालं, पावणे आपापल्या गावी गेले. लोणीचा भाऊ म्हणाला, "चल घरी." आरती गेली नाही. म्हाताऱ्याला भाकरी कोण करून घालणार? आणि खरं सांगायचं तर अमृतचा आवाज या घरात अजून कुठं तरी आहे असं तिला वाटायचं. तो टाकून जायला तिचा जीव होईना. सासऱ्यानं टेम्पोला नवी केबिन बसवली, चुलतपुतण्या गोरखला गाडीवर घातलं. मोबाईलचा नंबर अमृतचाच परत चालू करून घेतला, कारण शेतकऱ्यांना तोच पाठ. तो फोन सासऱ्याच्या बंडीच्या खिशात असायचा.

भिमाजींना ती आबा म्हणायची. आबा तसे तापट. वाशीच्या व्यापाऱ्यानं एकदा वाकडं बोलल्यावर भरलेली गाडी उलटी फिरवून आणणारा माणूस. पण सुनेवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. चढवायला बोलणं तर व्हायला हवं! "आबा, ताट वाढलंय." "गोरख आला का?" "वैरण टाकली." झालं बोलणं. सून सासऱ्यापुढं बसत नाही, सासरा सुनेच्या तोंडाकडं बघत नाही. रीत मोठी चांगली आहे म्हणतात. त्या चांगल्या रीतीपायी एकाच माणसासाठी दोघं रडत होती, ती माजघरात आणि ते ओट्यावर, आणि एकमेकांना कळू देत नव्हती.

गावाचं तर विचारूच नका. गावानं अमृतचं नाव टाकलंच होतं. शेजारची झुंबरबाई, भिंतीला भिंत लागून घर, तिच्या जिभेला हाड नाही. आरतीनं कधी चुकून म्हटलं, "ह्यांना मेथीची भाजी लई आवडायची," की ती लगेच म्हणायची, "बरं त्ये जाऊ दे, तुमच्या इहिरीला पानी किती हाय?" मनानं वाईट नव्हती बाई. दुःख उकरू नये, एवढंच तिचं म्हणणं. संक्रांतीला बायका वाणं घेऊन निघाल्या की हीच सगळ्यांना आरतीच्या दारावरून न नेता मागच्या बोळानं न्यायची. का, तर पोरीला वाईट वाटू नये! आरती खिडकीत उभी राहून बोळातला बांगड्यांचा आवाज ऐकायची. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून लोक जे करतात ना, त्यानं माणूस जितकं एकटं पडतं तितकं शिव्यांनी पडत नाही.

चाकणला तेव्हा गोदामांमागून गोदामं उभी राहत होती. लोणीच्या भावानं सांगितलं की मालाच्या ने-आणीचं शिक्षण असेल तर तिथं बाईमाणसालाही घेतात. गाडीचा हिशोब बघायला आरती आता मंचरच्या मार्केटात जायची, पण व्यापारी तिच्याशी बोलायचे नाहीत, तिच्या मागं उभ्या असलेल्या गोरखशी बोलायचे. त्याचा तिला संताप यायचा. तिनं नाव घातलं. सप्लाय चेन आणि लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट, पदवीनंतरचा दोन वर्षांचा डिप्लोमा, तोही ऑनलाइन. माल निघतो कुठून, अडतो कुठं, पोचतो कधी आणि मधल्या मधे नासतो किती, याचा अभ्यास.

"त्यात शिकायचं काय?" झुंबरबाई म्हणाली. "माल भरायचा, ताडपत्री आवळायची, निघायचं!"

कॉलेज नाही, बाक नाही, शेजारी बसायला कुणी नाही. मंचरला एसटी स्टँडच्या मागं एक नेट कॅफे होता. दुपारी मार्केट उरकलं की आरती तिथल्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसायची. धडे वाचायचे, सरांनी टाकलेल्या प्रश्नावर आपलं म्हणणं लिहायचं, बाकीच्यांनी काय लिहिलंय ते बघायचं. लाईट गेली की कॅफेवाल्याचा इन्व्हर्टर जितका चालेल तितका वर्ग. तो बंद पडला की सुट्टी.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी आपापली ओळख लिहायची होती. वर्ग देशभर पसरलेला, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. आरतीनं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग घरच्यांबद्दल लिहायची वेळ आली. विधवेला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं, बोटं त्या अक्षरांवर गेलीसुद्धा. आणि मग तिनं लिहिलं, माझे मिस्टर ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहेत, ते वाशीला भाजीपाला नेतात.

का लिहिलं? काय सांगायचं! जिथं तिचं कपाळ कुणाला दिसत नव्हतं अशी ती एकच जागा होती. उद्या येऊन खोडू, असं मनाशी म्हणत ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर खाली नागपूरच्या उमाठे मॅडमचं उत्तर आलेलं. या उमाठे मॅडम तिकडं सिमेंटच्या कंपनीत स्टोअर सांभाळायच्या. त्यांनी लिहिलं होतं, "अरे वा! मग तुमच्या मिस्टरांना विचारून सांगा ना, येताना गाडी रिकामी येते त्याचं ते काय करतात?"

अमृतला विचारून सांगा! तो गेल्यापासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. आरती त्या ओळीकडं बघत राहिली. खोडायचं राहिलं बाजूला. तिनं लिहिलं, "विचारलं. ते म्हणतात, तळेगावहून खताच्या गोण्या आणतो. आणि ही युक्ती आपलीच असं गावभर सांगतात, प्रत्यक्षात ती माझी आहे."

"सगळे नवरे सारखेच!" उमाठे मॅडमनी लिहिलं.

आरती फसकन हसली. कॅफेवाल्यानं मान वर करून पाहिलं. किती दिवसांनी हसलो आपण, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच डोळे भरून आले.

तिथून ते सुरू झालं. सरांनी तिघातिघांचे गट पाडले. आरती, उमाठे मॅडम आणि कोईमतूरचा सेल्वराज, सुताच्या गिरणीत गोदाम बघणारा. एका धड्यात होतं की बाजारात मागणी जराशी हलली तरी मागं मागं जाताना तिचा केवढा मोठा हेलकावा होतो. सेल्वराजला ते उमजेना. आरतीनं लिहिलं, "मिस्टर सांगतात, एकदा वाशीला मेथी महागली अशी बातमी आली. झालं, आमच्या भागात जो तो मेथीच पेरून बसला. महिन्याभरानं मेथी जनावरांपुढं टाकायची पाळी आली." सेल्वराजनं लिहिलं, "तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा."

"सांगते," आरतीनं लिहिलं. आणि येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून तिनं खरोखरच सांगितला.

हळूहळू अमृत तिकडं राहायलाच गेला. पावसाळ्यात त्याला सर्दी झाली. दसऱ्याला त्यानं गाडी धुऊन झेंडूचं तोरण बांधलं. त्याचं नि आरतीचं भांडण झालं, कारण तो गाडीत बसल्या बसल्या केळी खातो आणि सालं सीटखाली टाकतो. त्यावर उमाठे मॅडमनी आरतीची बाजू घेतली आणि सेल्वराजनं अमृतची. सांगितलेलं सगळं कधी ना कधी घडलेलं होतंच. खोटं एवढंच की ते आता घडतंय असं ती सांगत होती. घरी आबांचं ताट वाढताना तिचं तोंड मिटलेलं असायचं आणि मंचरला मात्र बोटं थांबायची नाहीत. गाव म्हणत होतं ते खरंच. एकटीच बसून हसायची.

पण अशा हसण्याला तळ नसतो. भाद्रपदात पितृपंधरवडा आला. अमृतच्या तिथीला तिनं खीर केली, मेथीची भाजी केली, आबांनी पान पत्र्यावर ठेवलं. कावळा येईना. आबा खाली हात जोडून उभे, ती दाराआड उभी. शेवटी एकदाचा कावळा शिवला, आणि दोघं काही न बोलता आत गेली. दुपारी ती मंचरला गेली. सरांनी गाड्यांच्या वेळांबद्दल काही विचारलं होतं. तिनं लिहिलं, "मिस्टर आज वाशीला गेलेत. आले की विचारून सांगते."

लिहून झालं आणि तिला दिसलं, नखांत खिरीच्या तांदळाचं पीठ तसंच आहे. तिला आपलीच शिसारी आली. सकाळी ज्याला पान ठेवलं त्याला दुपारी वाशीला पाठवलं! आता बास, सांगून टाकायचं, असं तिनं त्या दिवशी पक्कं ठरवलं. पण सांगायचं म्हणजे काय? सांगितलं की तो तिथंही मरणार. एकदा ट्रेलरनं मारला. या वेळी मारणारी ती स्वतः. आणि तो मेला की जगाच्या पाठीवर अशी जागा उरणार नाही जिथं "मिस्टर काय म्हणतात" असं तिला कुणी विचारेल. तिचं धाडस झालं नाही. ठरवायची आणि परत यायची, असं दुसरं वर्षही सरत आलं.

शेवटी अडकायचं तिथं अडकलंच. अखेरच्या सहामाहीला गटानं एक प्रकल्प करायचा होता. उमाठे मॅडमनी परस्पर ठरवून टाकलं. "आपल्या गटात अमृतरावांसारखा माणूस असताना दुसरीकडं कशाला जायचं? भाजीपाल्याची छोटी वाहतूक, हाच विषय." सरांना विषय फार आवडला. एवढा आवडला की त्यांनी लिहिलं, येत्या गुरुवारी मी स्वतः त्यांच्याशी फोनवर बोलेन, त्यावर मार्क.

आता तो फोन उचलणार कोण? तिनं लिहिलं, मिस्टर बाहेरगावी आहेत. मॅडम म्हणाल्या, मोबाईल आहे ना? तिनं लिहिलं, ते फोनवर फारसं बोलत नाहीत. आता दोन वर्षं ज्याच्या बोलकेपणाच्या गोष्टी सांगितल्या, तो फोनवर बोलत नाही म्हणे! मॅडमनी हसण्याची खूण टाकून लिहिलं, "तुम्ही नका काळजी करू, मी पटवते त्यांना." गटाच्या यादीत आरतीनं घरचा म्हणून अमृतचाच नंबर दिलेला होता.

सोमवारी मार्केटात गाडी भरून झाली तेव्हा आरतीनं गोरखला बाजूला घेतलं. काय बोलायचं ते ती घोकून आली होती, तरी जीभ अडखळली.

"गोरख, एक काम करशील? गुरुवारी एक फोन येईल. तू फक्त... ह्यांच्या नावानं बोलायचं. गाडीबद्दल विचारतील. तुला सगळं ठाऊकच हाय."

गोरखनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, त्याच्या शीटवर बसताना मी रोज आदी हात जोडतो आन् मगच बसतो. त्याच्या नावानं कसा बोलू? दुसरं कायबी सांगा. ह्ये जमायचं न्हाई."

रागावला नव्हता तो. त्याचे डोळे भरले आणि चाकातली हवा बघायचं निमित्त करून तो गाडीच्या पलीकडं गेला. आरतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या तोंडात नवऱ्याचं नाव घालायला निघालो आपण! कुठवर आलो?

मंगळवारी ती कॅफेत बसली ती ठरवूनच. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पाठवायचं बटण काही दाबवेना. इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा तिला चक्क सुटल्यासारखं वाटलं. अजून उद्याचा दिवस आहे, असं म्हणत ती घरी आली.

आबा ओट्यावर बसले होते. एरवी ती आली की ते गोठ्याकडं निघून जायचे, तिला मोकळेपणानं आत जाता यावं म्हणून. आज उठले नाहीत. फोन खिशात नव्हता, हातात होता.

"आरती, फोन आलता."

"कोणाचा आबा?"

"नागपूरची कोन बाई. उमाठे म्हणली."

आरतीच्या खांद्यावरची पिशवी खाली आली.

"म्हणली, अमृतराव हायेत का?"

आता म्हातारा कडाडणार, आता गाव गोळा होणार, असं वाटून ती डोळे मिटून उभी राहिली. आबांनी टोपी मागं सरकवली, परत पुढं ओढली.

"मग... तुमी काय सांगितलं?"

"म्हणलं, गाडीवर गेलाय."

"आबा!"

"तोंडातनं निघून गेलं गं! इतकी वर्सं त्येच तर सांगत व्हतो, त्याला कोनी इचारलं की. म्हणली, कवा येत्याल? म्हणलं, येईल सांजच्याला." त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. "कोन हाय ती? तिला कसा म्हाईत माझा अमृत?"

आरतीनं पडलेली पिशवी उचलून ओट्यावर ठेवली. सासऱ्यापुढं ती कधी बसली नव्हती. त्या दिवशी ओट्याच्या पायरीवर बसली आणि बसल्या जागी सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवसाचं, गोण्यांचं, सेल्वराजच्या नमस्काराचं, तिथीच्या दिवसाचंही. काही लपवलं नाही. आबा रस्त्याकडं बघत ऐकत होते.

"म्हंजी तिकडं कुनालाच ठावं न्हाई?"

"नाय."

"तिकडं त्यो हाय."

"होय आबा."

म्हाताऱ्यानं हातातला फोन खाली ठेवला. मग तिच्याकडं वळला, चांगला तोंडाकडं बघत म्हणाला, "आन् मला हितं येकट्याला बसवून तू रोज त्याला भेटाया जात व्हतीस व्हय?"

आरतीला वाटलं होतं आबा खोटेपणाचा जाब विचारतील, घराण्याच्या अब्रूचं बोलतील. त्याची तिनं तयारी केली होती. याची नव्हती. ती ढसाढसा रडायला लागली. "चुकलं आबा. मला वाटलं, तुमच्यापुढं त्यांचं नाव काढलं तर तुमाला तरास होईल."

"मला बी तसंच वाटलं गं तुझं," आबा म्हणाले. "गावात तर त्याचं नाव काढलं की मानसं पावसापान्याचं बोलाया लागत्यात. आज त्या बाईनं 'अमृतराव' म्हणलं, आन् मला वाटलं, आपल्याला हाक मारली कोनी."

"उद्या सांगून टाकते त्यांना," आरती डोळे पुशीत म्हणाली. "मार्क जाऊ द्या, परीक्षा जाऊ द्या."

"सांग. सांगाया तर पायजेच, खोट्यावर कागूद घ्यायचा न्हाई. पन आदी मला घिऊन चल. येक डाव मला बी भेटू दे त्याला."

बुधवारी सकाळी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी बदलली. लग्नाला निघाल्यासारखी दोघं एसटीत बसली. कॅफेवाल्यानं म्हाताऱ्याला बघून एक स्टूल आणून दिलं. आरतीनं अगदी पहिल्या पानापासून काढलं आणि इंग्रजीतलं सगळं मराठीत सांगत वाचायला सुरुवात केली.

"मिस्टरांना सर्दी झालीय," ती वाचायची.

"त्याला कुटली सर्दी! घोड्यावानी तब्येत व्हती."

"झालती आबा, लग्न झालं त्या पावसाळ्यात. तुमी आळंदीला गेलता तवा."

"आसंल, आसंल. वाच."

गोण्यांचं आलं तेव्हा आबांनी तिला थांबवलं. "ती युक्ती तुझी व्हती? लबाड कुटला! मला म्हणला, 'आबा, डोकं लागतं धंद्याला.'" आणि म्हातारा मांडीवर थाप मारून असा हसला की बाजूच्या मशीनवरची कॉलेजची पोरं वळून बघायला लागली. केळीच्या सालांच्या भांडणात त्यांनी आरतीची बाजू घेतली. मेथीच्या गोष्टीत त्यांनी भर घातली. सेल्वराजचा नमस्कार आला की दर वेळी ते हात जोडायचे, स्क्रीनकडं बघून. असं करत करत दोन वर्षांचा अमृत संपत आला. शेवटची ओळ उमाठे मॅडमची होती, काल संध्याकाळची. "अमृतरावांच्या वडिलांशी बोलले. किती गोड आहेत! अमृतराव आले की फोन करायला सांगा."

"म्होरं?" आबांनी विचारलं.

"म्होरं काय नाय. संपलं."

"संपलं," आबा म्हणाले. "मग आता लिही."

आरतीनं लिहिलं. या वेळी खोडलं नाही.

"काय लिहिलंस ते सांग."

"लिहिलं, माझे मिस्टर अमृत भिमाजी, यांचा चार वर्षांमागं गाडीवर असताना अपघात झाला. ते तेव्हाच गेले. जे तुमाला सांगितलं ते सगळं ते खरंच करायचे, खरंच बोलायचे. ते नाहीत एवढंच मी लपवलं. मला त्यांच्याशिवाय कुठंच एकटं बसवत नव्हतं, म्हणून. माफ करा. सरांना गाडीबद्दल जे विचारायचं असेल ते त्यांनी आता मला विचारावं."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बराबर लिवलंस. धाड."

आरतीनं बटण दाबलं. गोल चकती फिरत राहिली, फिरत राहिली, आणि मग तिच्या नावाखाली ते पानावर उमटलं. आता ते खोडून काही उपयोग नव्हता.

दोघं बाहेर पडली. स्टँडवर आली तोवर आबा नीट चालत होते. बाकड्यावर बसले आणि एकाएकी त्यांना हुंदका फुटला. मुलाला अग्नी देताना जो माणूस दगडासारखा उभा होता, तो मंचरच्या स्टँडवर, भर दुपारी, चारचौघांत पोरासारखा रडायला लागला. "गेला गं, माझा अमृत गेला!" आरती त्यांच्या शेजारी बसली होती, अगदी शेजारी. तिनं म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि तीही मोठ्यानं रडली. माजघर नाही, ओटा नाही, आड काही नाही. लोक बघत होते. बघू देत.

झुंबरबाई बाजार करून अवसरीची गाडी धरायला येत होती. लांबून दोघांना बघितलं आणि बाई हातातल्या पिशव्यांसकट पळतच आली.

"अगं बया! काय झालं आबा? कोन गेलं?"

"अमृत गेला गं आमचा," आबा म्हणाले.

झुंबरबाई आ वासून उभी राहिली. चार वर्षांपूर्वी याच अमृतच्या दहाव्याला तिनं शेजारधर्म म्हणून पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापल्या होत्या. तिनं एकदा आबांकडं पाहिलं, एकदा आरतीकडं. सवयीनं दुसरंच काही तरी बोलायला तिनं तोंड उघडलं. पाण्याचं, पिकाचं, बाजाराचं. पण शब्द आला नाही. मग तिनं पिशव्या खाली ठेवल्या, आरतीला लागून बसली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "लई गुणाचं पोरगं व्हतं गं," ती म्हणाली, "लई बोलायचं." आणि तीही रडायला लागली.

अवसरीची एसटी लागली, भरली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. तिघांतलं कुणी उठलं नाही.